एक प्रश्न राहून गेला

घाटकोपर पूर्वेला कापडाचा व्यवसाय असलेल्या एका जैन कुटुंबात ऐन चातुर्मासात नातवाचा जन्म झाला. वजन उत्तम, रडणे खणखणीत. आठव्या दिवशी पहाटे मात्र बाळाचा डावा हात एका लयीत झटके देऊ लागला आणि डोळे एका बाजूस वळले. थोड्या वेळाने ते पुन्हा टक्क जागे होऊन पाहू लागले. आजींनी नवकार म्हणत त्याला उराशी धरले. ‘दृष्ट लागली असेल,’ असे कुणीतरी म्हणाले. आजोबांनी वेळ न दवडता रिक्षा बोलावली.

रुग्णालयात प्रथम रक्तातील साखर तपासली. ती ठीक होती. कॅल्शियम मात्र १०० मिलिलिटरमागे ५.८ मिलिग्रॅम भरले. पूर्ण दिवसांच्या बाळात ते ८ च्या खाली गेल्यास कमी मानतात. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवीत शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट दिले गेले आणि झटके थांबले.

मग डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितले. गर्भातील बाळाला कॅल्शियम आईकडून नाळेवाटे मिळते. जन्मासरशी तो पुरवठा तुटतो. पहिले एक-दोन दिवस पातळी उतरते आणि पुढे बाळाच्या पॅराथायरॉइड ग्रंथी ती सावरतात. आईलाच ड जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर बाळाचा संसार अपुऱ्या शिलकेवर सुरू होतो. त्यात गाईचे दूध दिले, तर त्यातील फॉस्फरस, जो आईच्या दुधाच्या कितीतरी पट असतो, कोवळ्या मूत्रपिंडांना पुरेसा बाहेर टाकता येत नाही आणि कॅल्शियम आणखी घसरते. या घरी दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. ऊन खिडकीच्या काचेतून येई, पण काचेआडच्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही.

“औषधे नियमित घेतली होती ना?” डॉक्टरांनी विचारले. सुनेने मान खाली घातली. ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले, म्हणून सासूबाईंनी ती बंद करविली होती. हेतू अहिंसेचाच होता. परंतु दुसरा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारायचे राहून गेले. वास्तविक हे जीवनसत्त्व भुकटीच्या व थेंबांच्या रूपातही मिळते. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून करतात. दगडफुलाच्या वर्गातील लायकेनपासून केलेलेही उपलब्ध आहे.

पाचव्या दिवशी बाळ घरी आले. आता त्याला केवळ आईचे दूध मिळते. आईचे औषधही पुन्हा सुरू झाले. रोज नवकारशीच्या सुमारास आजी स्वतः नातवाला ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट मोजून देतात. कॅप्सूल बंद करणाऱ्या हाताचा विसर त्या पडू देत नाहीत. इमारतीतील गरोदर सुनांना त्या सांगतात, “वर्ज्य जरूर करा, पण आधी विचारा. नीट पाहून पाऊल टाकणे, हीच तर यतना.”