अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा हिशेब

कळंबला चिंतामणीच्या देवळापासून घरोघरच्या भजनापर्यंत सूर धरते ती पेटी, तीन-साडेतीन सप्तकांची. तिच्यावर बोटं बसलेल्या इथल्या एका तरुणाच्या वहीत सध्या एकच विषय आहे: ८८ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, आणि तोही स्वस्तातला.

या यंत्राला स्वतःचा आवाज नसतो. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत पट्टी फक्त निरोप धाडते: कोणता सूर, किती जोरानं, १ ते १२७ मधला एक आकडा. आवाज घडतो संगणकात. म्हणजे लॅपटॉपचा खर्चही आलाच.

खरा घोळ पट्ट्यांच्या वजनाचा. एम-ऑडिओच्या कीस्टेशन ८८ च्या पट्ट्या हलक्या. त्याच कंपनीच्या हॅमर ८८ मध्ये पियानोसारखी हातोडीची रचना, म्हणून किंमत आणि ओझं दोन्ही जास्त. पेटीवाल्याला हातोडी उगाच जड वाटेल, असं वहीत लिहिलंय. पटण्यासारखं आहे. पियानोच शिकायचा असेल तर मात्र हलक्या पट्ट्यांनी हात बिघडतो.

पट्ट्यांचीच लांबी सव्वा मीटरच्या आसपास. आधी टेबल मोजावं. वर्धा-कळंब रेल्वे २०२४ मध्ये सुरू झाली खरी, पण एवढं खोकं घेऊन डब्यात चढायचं म्हणजे कसरतच!

पार्श्वसंगीत रचणाऱ्याला ८८ उपयोगी पडतात: खालच्या मोकळ्या पट्ट्यांनी व्हायोलिनचा बाज बदलता येतो. नुसत्या भजन-भावगीतांसाठी ६१ पट्ट्यांचाच घ्यावा, आणि उरलेल्या पैशात बरे हेडफोन.