तडा

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी रिक्षा, टेम्पो किंवा पिकअप असेल. गाडीच्या आतले प्लॅस्टिक तडकलेले तुम्ही पाहिले असेल. अशाच एका तड्याची ही हकिकत आहे. ती गाडीची आहे, तशी माझीही आहे.

माझे अब्बा पिकअप चालवत. ठाण्याची वागळे इस्टेट तुम्हांला ठाऊक असेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याची ही पहिली वसाहत. तिथून माल भरायचा आणि कळवा, मुंब्रा, शीळफाटा या रस्त्याने डोंबिवली-कल्याणला पोहोचवायचा, हे अब्बांचे रोजचे काम. गाडीवर मुरबाडकडचा एक मुलगा क्लीनर होता. तो माझ्याच वयाचा. सगळे त्याला छोटू म्हणत. मला त्या काळी जी चार मराठी वाक्ये बोलता येत, ती त्याच्याकडूनच मी शिकलो होतो.

२००३ साली मी नववीत होतो. मराठीच्या चाचणीत मला वीसपैकी सहा गुण मिळाले. दुपारी अब्बा माल उतरवत होते आणि मी गाडीत एकटाच बसलो होतो. रागाच्या भरात मी समोरच्या डॅशबोर्डला जोराने लाथ मारली. कट् असा आवाज झाला आणि खालच्या भागाला बोटभर तडा गेला.

अब्बांनी विचारले, "हे कुणी केले?" मी गप्प बसलो. त्यांनी छोटूकडे पाहिले. छोटूही गप्प राहिला. महिन्याच्या शेवटी त्याच्या पगारातून पन्नास रुपये कापले गेले. पुढे काही महिन्यांनी तो काम सोडून गेला.

मी शिकलो, बी.एड. झालो, शिक्षक झालो. वर्गात मुलांना सांगू लागलो, "खरे बोला." ती गाडी मात्र दारातच उभी असे. ऊन आणि हादरे प्लॅस्टिकला सोसत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते, आणि खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी तडा पुढे सरकतो. बोटभर तडा वाढत वाढत वीतभर झाला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बा म्हणाले, "आता गाडी तुझा धाकटा भाऊ चालवणार. त्याच्या हाती देण्याआधी ती नीट करू." मी बाजारातून झटपट चिकटणारा गोंद आणला आणि तडा जोडला. दुसऱ्याच दिवशी शीळफाट्याच्या खड्ड्यात जोड सुटला. अब्बा हसून म्हणाले, "छोटूकडे घेऊन जा. पत्री पुलाजवळ त्याचे स्वतःचे गॅरेज आहे."

मला धस्स झाले, पण मी गेलो.

छोटूने मला ओळखले. त्याने स्क्रू काढून तो भाग सोडवला, उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, तुम्ही शिकलेले. मागं काय लिहिलंय ते वाचलंत का?"

मी वाचले नव्हते. तिथे दोन बारीक कंसांत 'पीपी' ही इंग्रजी अक्षरे उठवलेली होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते तयार केले आणि १९६३ साली त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे मला माहीत होते. पण साधा गोंद त्याला धरत नाही, हे छोटूला माहीत होते! तो म्हणाला, "एबीएस लिहिलेलं असतं, तर त्याचाच चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लेप भरला असता. पीपीला मात्र वितळवूनच जोडावं लागतं."

त्याने तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला. मग तड्याच्या अगदी टोकाशी ड्रिलने एक बारीक भोक पाडले. मी विचारले, "तुटलेल्याला आणखी भोक कशाला?"

"तड्याचं टोक धारदार असतं. सगळा ताण तिथंच जमतो. टोक गोल केलं की ताण पसरतो आणि तडा पुढं जात नाही. आधी तो थांबवायचा, मग जोडायचा."

नंतर त्याने मागच्या बाजूने स्टीलची बारीक जाळी ठेवली आणि तापलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने ती प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवली. वर पीपीचीच पट्टी वितळवून भरली. धूर बाधू नये म्हणून दार उघडे होते आणि तोंडावर मास्क होता. मुलांनो, हे काम मोठ्या माणसाशिवाय करून पाहू नका.

तो काम करत असतानाच मी म्हणालो, "छोटू, हा तडा माझ्या लाथेने पडला होता."

त्याने मान वर केली नाही. "मला माहीत होतं. त्यावर शाळेच्या बुटाचा ठसा होता. माझ्या पायात तेव्हा चप्पलसुद्धा नव्हती."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही मालकाचा मुलगा. माझं कोण ऐकणार होतं?"

यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

रात्री मी अब्बांना सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "मी त्याला विचारलेही नव्हते." दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आले. त्यांनी छोटूची माफी मागितली आणि त्याच्या हातात पन्नास रुपये ठेवले. छोटूने ते घेतले, घडी करून खिशात ठेवले. डॅशबोर्डच्या बिलातून मात्र त्याने एक रुपयाही कमी केला नाही. मला ते फार योग्य वाटले.

बिलाच्या वरच्या बाजूला त्याचे पूर्ण नाव छापलेले होते. इतक्या वर्षांत ते मी प्रथमच वाचले. आता मी त्याला त्याच नावाने हाक मारतो.

मित्रांनो, जोड मजबूत आहे, पण हात फिरवला तर बोटांना अजून लागतो. तुमच्याही मनात असा एखादा तडा असेल, तर तो बोटभर आहे तोवरच बोला. वीतभर होण्याची वाट पाहू नका.