गळालेल्या पाकिटांचा हिशेब

कोणत्याही मोठ्या कामात थोडीफार गळती व्हायचीच. विहिरीवरून भरून आणलेल्या घागरीतले थोडे पाणी वाटेत सांडते, गिरणीतून आलेले पीठ मूठभर कमी भरते, टपालातले एखादे पत्र गहाळ होते. अशा गळतीवर शहाणा माणूस फारसा रागावत नाही. पण काय गळाले, कुठे गळाले आणि कशामुळे गळाले याची नोंदच कोणी ठेवली नसेल, तर मात्र घरात भांडणे लागतात आणि भलत्यावरच आळ येतो.

आज लिहायचे आहे ते अशाच एका गळतीविषयी. विषय संगणकाच्या जाळ्याचा आहे, म्हणून भगिनींनी घाईने पान उलटू नये. आम्ही काही त्या विद्येतले नव्हे. आमचा जन्म वॉर्डात औषधे देण्यात आणि तापाचे तक्ते भरण्यात गेला. परंतु आमच्या घरी जे घडले ते अश्दोद, लोद, दिमोना, कुठल्याही घरी घडू शकेल. आपली सर्वांचीच वये आता उशाशी यंत्रे ठेवण्याची झाली आहेत.

आमच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला. त्याबरोबर उशाशी ठेवायची एक लहानशी पेटी मिळाली. रात्री दोनच्या सुमारास ही पेटी छातीतल्या यंत्राशी बिनतारी बोलते, ठोक्यांचा ताल कसा आहे, बॅटरी किती उरली आहे हे विचारून घेते आणि तो सारा अहवाल घरच्या इंटरनेटवरून दवाखान्याच्या केंद्राकडे धाडते. एके सकाळी त्या केंद्रातून फोन आला. गेल्या चौदा रात्रींपैकी पाच रात्रींचे अहवाल वेळेवर पोहोचलेच नव्हते. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सव्ता, रात्री प्लग काढून ठेवता का? वयस्कर माणसे पुष्कळदा तसे करतात.’

प्लग कोणी काढला नव्हता. हिरवा दिवा रात्रभर लागलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. पेटीने अहवाल पाठवायला घेतला होता आणि केंद्राला तो मिळाला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मधल्या वाटेचे मात्र कोणालाच माहीत नव्हते. आणि वाटेवर साक्षीदार नसला की म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला किंमत राहत नाही, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. शिवाय त्या पाच रात्रींत एखाद्या वेळी ताल बिघडला असता, तर डॉक्टरांना ते वेळेवर कळले नसते.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा हैफाकडे या जाळ्यांचेच काम करतो. शब्बाथ सुटल्यावर तो गाडी घेऊन आला. पेटी तपासून म्हणाला, ‘मावशी, पेटी बरी आहे. पाकिटे वाटेत पडताहेत. पेटी दोन-तीनदा प्रयत्न करते आणि मग दमून थांबते. कुठे पडतात ते शोधू या.’ त्या रात्री चहावर चहा होत त्याने जे समजावले, ते आमच्या शब्दांत देतो.

संगणक कोणताही मजकूर सलग पाठवत नाही. त्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घालतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात, म्हणजे आपले टपालातले पाकीटच. घरातल्या साध्या तारेवरून एका पाकिटात सुमारे १५०० इंग्रजी अक्षरे मावतात. देवनागरी मात्र पाचशेच्या आतबाहेर, कारण आपल्या लिपीतले प्रत्येक चिन्ह तिप्पट जागा अडवते. वाटेवर जागोजागी स्विच नावाच्या पेट्या असतात. त्या पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलतात. एकदम फार पाकिटे आली की पेटीतली रांग भरते आणि मागून येणारे पाकीट टाकून द्यावे लागते.

हे टाकणे म्हणजे पाप नव्हे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कली येथे प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामधले जाळे असे तुंबले की सेकंदाला ३२,००० बिट जाणाऱ्या मार्गावरून जेमतेम ४० बिट जाऊ लागले. अंतर किती, तर सुमारे ४०० यार्ड! त्यापेक्षा माणूस चिठ्ठी घेऊन चालत गेला असता तर लवकर पोहोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावरचा उपाय लिहून प्रसिद्ध केला. पाकीट हरवले असे दिसताच पाठवणाऱ्याने वाटेवर गर्दी आहे असे समजावे, आपला वेग कमी करावा, मग हळूहळू वाढवावा. आजही जाळे चालते ते बरेचसे याच शिस्तीवर. हरवलेले पाकीट हा एक निरोपच असतो.

पण निरोप कोणी वाचायला तर हवा. इथे कर्नलची गोष्ट येते. हा पलटणीतला कर्नल नव्हे; संगणकाला चालवणारी जी मूळ व्यवस्था असते तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनक्स नावाचा कर्नल १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला, आणि आज जगातले बहुतेक मोठे संगणक व लाखो स्विच त्यावर चालतात. आलेले प्रत्येक पाकीट हा कर्नल हातात घेतो, तपासतो आणि योग्य त्याला देतो. काही पाकिटे तो स्वतःही टाकतो. पूर्वी अशा टाकलेल्यांची फक्त संख्या दिसे, तीही विखुरलेली, निरनिराळ्या कोपऱ्यांत. २००९ साली कर्नलमध्ये अशी सोय आली की कोणत्या ठिकाणी किती पाकिटे पडली हे एकत्र पाहता यावे. २०२२ पासून त्याबरोबर कारणाचे नावही नोंदले जाऊ लागले.

तरीही एक मोठी अडचण उरली होती. मोठ्या स्विचमध्ये पाकिटे ढकलण्याचे काम कर्नल करतच नाही. ते करते सिलिकॉनची एक चिप, सेकंदाला कोट्यवधी पाकिटे या वेगाने. शेजारी बसलेल्या कर्नलपर्यंत त्यातली अगदी थोडी येतात. मग चिपने एखादे पाकीट टाकले तर कर्नलला ते आले होते हेच ठाऊक नसते! दारावरचा शिपाई रोग्याला परत पाठवतो आणि आतल्या सिस्टरच्या वहीत मात्र ‘आज कोणी आले नाही’ अशी नोंद होते, तसाच हा प्रकार.

या अडचणीवरचा उपाय आपल्या देशात शोधला गेला, हे ऐकून आम्हाला कौतुक वाटले. कार्मेलच्या पायथ्याशी योकनआम हे गाव आहे. यहोशवाच्या पुस्तकात ज्या ३१ राजांची यादी दिली आहे, त्यांत योकनआमचा राजाही मोजलेला आहे. त्याच योकनआमला १९९९ साली मेलानॉक्स ही कंपनी सुरू झाली. २०२० साली ती अमेरिकेच्या एनव्हिडियाने विकत घेतली. या कंपनीच्या अभियंत्यांनी लिनक्स कर्नलमध्ये एक सोय घातली आणि नोव्हेंबर २०१९ मधल्या ५.४ या आवृत्तीतून ती सर्वांना मिळाली. चिपने पाकीट टाकले की त्याची प्रत तिने कर्नलकडे द्यायची, आणि सोबत सांगायचे की ते कोणत्या दाराने आले होते व का टाकले. रांग भरली होती, की पाकिटाचे आयुष्य संपले होते, की त्याला या दाराने यायची परवानगी नव्हती, की पुढचा रस्ताच बंद होता? प्रत्येक कारणाला वेगळे नाव आहे.

यातही एक शहाणपण आहे. चिप जेवढी टाकते तेवढ्या सगळ्यांच्या प्रती कर्नलकडे आल्या तर तोच बुडेल. म्हणून किती प्रती वर येऊ द्यायच्या यावर मर्यादा असते, आणि हवे तर पाकिटे न बघता केवळ गोषवारा घेता येतो. भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्हाला हसू आले. अतिदक्षता विभागात ज्या रात्री सगळ्याच खाटांची यंत्रे एकदम ओरडतात, त्या रात्री खरी हाक ओळखणे कठीण होते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आणि खरे सांगायचे तर आम्हाला ही सारी विद्या ओळखीचीच वाटली. औषधाचा डोस दिला नाही तर तक्त्यातली जागा कोरी सोडायची नाही, हा परिचारिकेचा पहिला नियम. रोगी उपाशी ठेवला होता, उलटी झाली, त्याने नको म्हटले, एक्स-रेला गेला होता, की औषधच संपले होते? पाचही वेळा डोस गेलेला नाही, पण पाचांचे उपाय पाच. कोरी जागा पाहून सकाळची सिस्टर काहीच करू शकत नाही. उलट दुप्पट डोस देण्याचा धोका असतो.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली कपाटात जो स्विच आहे तो स्वस्तातला. कारण सांगण्याइतका तो शहाणा नव्हता; टाकलेल्या पाकिटांची संख्या तेवढी दाखवत होता. भाचा म्हणाला, ‘संख्या तर संख्या. मावशी, रात्रपाळी कराल?’ आम्ही कागदावर रेघा मारल्या, वेळ आणि आकडा अशी दोन घरे केली, आणि रात्री बारापासून पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाने त्याच्या संगणकावरचा आकडा उतरवून घेतला. बारा, साडेबारा, एक, दीड, आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. दोन ते अडीचमध्ये तो एकदम हजारांनी चढला. अडीचनंतर पुन्हा शांत. दुसऱ्या रात्री तसेच, तिसऱ्या रात्रीही तसेच.

मग इमारतीत रात्री दोनला काय होते याचा शोध सुरू झाला. वाआद बायितने दाराशी आणि गाड्यांच्या जागेत कॅमेरे लावले होते, आणि दिवसभराचे चित्रण बरोबर दोन वाजता बाहेर पाठवले जाई. ती पाकिटांची झुंबड त्याच स्विचमधून जाताना रांग भरे आणि यजमानांच्या हृदयाचा अहवाल दाराशीच गळून पडे. कॅमेऱ्यांची वेळ पहाटे पाचवर नेली. पैसा एकही लागला नाही. त्यानंतर एकही रात्र रिकामी गेलेली नाही. आमचा तक्ता आम्ही केंद्राला पाठवून दिला. प्लगविषयी पुन्हा कोणी विचारले नाही.

या निमित्ताने एक विचार मनात आला तो सांगतो. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, हा आकडा आपल्यातले लहान मूलही सांगते. बुडालेले किती, त्यांची नावे काय, हे परंपरेला ठाऊक नाही. परंतु वाचलेल्यांनी त्यांची प्रेते किनाऱ्यावर आणून पुरली, आणि ती जागा पुढच्या पिढ्यांना दाखवली. नोंदवही नव्हती तरी इथे गळती झाली एवढी खूण त्यांनी ठेवली. पोहोचलेल्यांची मोजदाद सगळेच करतात; न पोहोचलेल्यांचीही आठवण ठेवावी लागते, हे आपल्या जमातीला नवे नाही.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी असे यंत्र आहे, मग ते हृदयाचे असो, साखरेचे असो की पडल्यावर दाबायचे बटण असो, त्यांनी तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. किती पाठवले? किती पोहोचले? मधले कुठे आणि कशामुळे पडले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही. तेव्हा कागद घ्यावा, वेळ आणि आकडा लिहावा, निदान तीन रात्री लिहावा. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कारण बहुधा आपणच दिसते. आणि ज्यांची मुले-नातवंडे या जाळ्यांच्या धंद्यात आहेत, त्यांनी मुलांना एवढे जरूर सांगावे की जे पाकीट तुम्ही टाकता ते कधीकधी कुणाच्या तरी छातीतून निघालेले असते. टाकावे लागले तर खुशाल टाका, पण का टाकले ते लिहून ठेवा.