मोट थांबली आणि गुणा घडला



ज्यांनी मोट पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. बैल धावेवरून उतरले की नाडा ताणायचा, भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात धबाधबा पाणी पडायचे. मोटेवरचा गडी गाणी म्हणत दिवस काढायचा. पुढे विहिरींवर विजेचे पंप बसले. मालकाची सोय झाली. पण त्या गड्याचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही.

कागलच्या मातीत वाढलेल्या आनंद यादवांनी ते विचारले. त्यांची 'नटरंग' ही कादंबरी १९७८ सालची. तिच्यावर रवी जाधव यांनी काढलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी लागला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. घरातल्या मोठ्यांनी तो पुन्हा पाहावा आणि त्यावर चार शब्द बोलावेत, असे मला वाटते.

गुणा हा शेतमजूर. अंगाने पैलवान, पण मनात तमाशाचा नाद. पंप येतो, काम जाते आणि तो फड उभा करायला निघतो. स्वतः लिहिलेल्या वगात राजा व्हायचे, हे त्याचे स्वप्न. पण फडात नाच्या हवा, अशी अट पडते आणि ते सोंग घ्यायला कोणी तयार होत नाही. शेवटी राजा व्हायला निघालेला गुणाच नाच्या होतो. कमावलेले अंग उतरवतो, चाल बदलतो, बोलणे बदलतो. अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी स्वतःचे शरीर खरोखरच आधी कमावले आणि मग उतरवले.

गुणा लग्न झालेला, लेकराचा बाप. तरीही मी म्हणेन की तो जाणता होतो तो इथे. नुसता नाद असतो तोवर माणूस पोरच असतो. त्या नादाची किंमत मोजायची वेळ येते, तेव्हा तो मोठा होतो. गुणाला ती फार जबर मोजावी लागते. गाव हसते, बायको दुरावते, पुढाऱ्यांच्या भांडणात फड सापडतो आणि त्याच्यावर अमानुष अत्याचार होतो. तरी तो पुन्हा उभा राहतो.

आता एक गोष्ट ताडून पाहा. याच महाराष्ट्राने स्त्रीवेषातल्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. त्यांचे लुगडे नेसणे, दागिने घालणे यांचे अनुकरण घरंदाज बायकांनी केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तमाशातल्या नाच्याला मात्र टिंगलच मिळाली. पडद्यावर नाच्या रंगवणारे कोल्हापूरचे गणपत पाटील २००८ साली गेले; त्यांच्यावर बसलेला तो शिक्का अखेरपर्यंत पुसला गेला नाही. नाट्यगृहातला शालू मानाचा आणि कनातीतले लुगडे लाजेचे, हा न्याय कुठला? दोन्हीकडे पुरुषच बाईचे सोंग घेत होता. फरक होता तो जातीचा, पैशाचा आणि पुढे बसलेल्या माणसांचा.

यात द्वारकीला, म्हणजे गुणाच्या बायकोला, विसरू नका. नवरा कलेसाठी घर सोडतो, तेव्हा चूल तिलाच पेटवायची असते आणि लोकांचे टोमणेही तिलाच ऐकायचे असतात. तिचा राग खोटा नाही. कलावंताचा सत्कार होतो, तेव्हा तिच्या वाट्याला एक हारसुद्धा येत नाही.

म्हणून सांगावेसे वाटते. तुमच्या घरात एखाद्या पोराला ढोलकीचा, नाटकाचा किंवा सोंगाचा नाद असेल, तर 'नाच्या होणार काय?' असे म्हणून त्याला हिणवू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, 'बाबा, याची किंमत काय, आणि ती कोण मोजणार?' हे ज्याला कळले, त्याला खुशाल जाऊ द्या. ज्याला कळले नाही, त्याला थोडे थांबवा. आणि यात्रेत तमाशाला बसाल, तेव्हा नाच्याच्या विनोदावर पोटभर हसा. त्या माणसावर मात्र हसू नका. त्या लुगड्याआड कदाचित तुमच्या-माझ्यासारखाच मोट हाकलेला एखादा गडी असेल.