गोचीड औषधाला जुमानेना तेव्हा

चूक माझीच होती, म्हणून सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या संकरित कालवडीच्या कानात अन् कासेभोवती गोचीड झाली. सायपरमेथ्रीन फवारले, हटली नाही. डेल्टामेथ्रीनची बाटली आणली. तीही वाया गेली. मग रागाच्या भरात मात्रा दुप्पट केली. रात्री कालवड थरथरू लागली, तोंडाला फेस आला. घरच्यांनी साबणाच्या पाण्याने धुऊन काढली, पहाटे डॉक्टर आले, म्हणून जनावर दावणीला उरले.

डॉक्टर म्हणाले, "दादा, नावं दोन, पण औषधाची जात एकच. एकाला दाद न देणारी गोचीड दुसऱ्यालाही बहुधा देत नाही."

फवारणीत कमजोर मरतात, चिवट उरतात. एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, तीही जनावराच्या अंगावर नव्हे, गोठ्याच्या फटीत. पुढची पिढी त्या चिवटांचीच! ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात गोचीड सोमलाला अशीच दाद देईनाशी झाली होती.

आता आम्ही भिंतींच्या फटी बुजवल्या. शेण-कचरा रोज लांब टाकतो, गोठ्यात कोंबड्या सोडतो. औषध डॉक्टर सांगतील त्या जातीचे, तेवढ्याच मात्रेत, सगळ्या जनावरांना एकाच दिवशी.

तुमच्याकडे औषध लागू पडेनासे झाले, तर मात्रा वाढवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आमची कालवड वाचली, सगळ्यांचीच वाचेल असे नाही.