अकरावं पान

आपल्या या ग्रुपवर रामबागेच्या, सराफ्याच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या आठवणी येतात आणि मी त्या आवडीनं वाचतो. आज माझा विषय जरा वेगळा आहे. शाईनं काढलेल्या अद्भुत चित्रकथांचा, आणि माझ्या धाकट्या भावाचा. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, ओट्यावर हिंदी. मी १९५१ चा, बाळ माझ्याहून चार वर्षांनी लहान. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना वेताळाचं वेडच लागलं. एक अंक दहा घरांत फिरायचा आणि परत यायचा तेव्हा त्याला कव्हर नसायचं. आम्ही सगळे गोष्ट वाचायचो. बाळ मात्र कवटीच्या गुहेतल्या भिंतीवर सावली कशी काढली आहे ते बघत बसायचा. "दादा, रंगाच्या खाली बघ ना, रेघा आहेत," म्हणायचा. मला रंगच दिसायचे.

मी बी.कॉम. करून १९७३ मध्ये बँकेत लागलो. बाळचं कॉलेजात लक्ष नव्हतं. तो खजूरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रमायचा. महूच्या छावणीतून रद्दी यायची, त्यात इंग्रजी मासिकं असत. अशाच एका गठ्ठ्यात त्याला कॉननचं एक मासिक सापडलं. मोठ्या आकाराचं, आतून पूर्ण काळंपांढरं. त्यातलं प्रत्येक दगड, प्रत्येक साखळी, घोड्याच्या आयाळीचा प्रत्येक केस सुटा काढलेला. ते पाहून बाळ दोन दिवस नीट जेवला नाही, असं आई सांगायची.

त्या चित्रांमागचं कारण त्यानंच मला समजावलं होतं. साध्या ठशाच्या छपाईत राखाडी नसते. ठसा एक तर शाई उमटवणार, नाहीतर कागद कोरा सोडणार. मग सावली कशी दाखवायची? रेघांनी. रेघा दूरदूर मारल्या की फिकी सावली, जवळजवळ मारल्या की गडद, त्यांवर आडव्या मारून जाळी केली की आणखी गडद. आणि चित्र मोठ्या कागदावर काढून छापताना लहान करायचं. पण त्यातही खुबी आहे. रेघा फार जवळ आल्या तर लहान होताना एकमेकींत मिसळतात आणि स्वस्त कागदावर शाईचा नुसता डाग होतो. म्हणजे सुरुवातीपासून दोन मापांत विचार करायचा, समोरच्या कागदाच्या आणि छापल्या जाणाऱ्या पानाच्या.

१९७६ च्या पावसाळ्यानंतर त्यानं स्वतःची चित्रकथा काढायला घेतली. गोष्ट मांडूची. जहाज महाल दोन तलावांच्या मधे उभा आहे हे आपल्याला माहीत आहेच. बाळच्या गोष्टीत एका अमावस्येला तो महाल जमिनीपासून सुटतो आणि खरंच जहाजासारखा निघतो. त्यात एक मुलगी आहे, सुकाणूवर एक आंधळा म्हातारा आहे, आणि पाण्याखाली बुडालेलं एक शहर आहे. चोवीस पानं करायची ठरलं होतं. बसनं मांडूला जाऊन तो कमानी आणि घुमट वहीत काढून आणायचा. घरी पाटावर आयव्हरी कार्डशीट, काळ्या वॉटरप्रूफ शाईची बाटली, बारीक क्रोक्विल निब आणि चुकलं तर खरवडायला दाढीचं पातं. हाताखाली वर्तमानपत्राचा तुकडा, घामानं रेघ पसरू नये म्हणून.

एका पानाला पाच-सहा आठवडे लागायचे. चौदा महिन्यांत अकरा पानं झाली.

आता माझी बाजू. अण्णा रिटायर झाले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, पगार माझा एकट्याचा. एका रविवारी मी बँकेतला आखीव कागद घेतला आणि बाळला समोर बसवून हिशोब मांडला. एका पानाला तास किती, उरलेल्या तेरा पानांना महिने किती, शाई-कागदाचा खर्च किती. शेवटच्या रकान्यात उत्पन्न. मी विचारलं, "एका पानाचे किती देतील?" त्याला ठाऊक नव्हतं. मी तिथे शून्य लिहिलं. आणि त्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या, बेरीज संपली की मारतात तशा.

मी ओरडलो नाही. कागद फाडले नाहीत. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, तो तरी भांडला असता. हिशोबाशी कोण भांडणार? महिनाभरात तो देवासच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागला. पानं लोखंडी पेटीत गेली. बहिणीचं लग्न व्यवस्थित पार पडलं.

पुढे मी अधिकारी झालो आणि खोट्या नोटा ओळखायच्या ट्रेनिंगला गेलो. तिथे भिंग हातात दिलं. नोटेवरचं चित्र भिंगाखाली बघितलं आहे का कधी? चेहरा म्हणजे नुसत्या रेघा. गालावर बारीक होत जाणाऱ्या, हनुवटीखाली जाड, जाळीच्या चौकटींत ठिपके. धातूवर कोरलेल्या त्या रेघांतली शाई कागदावर उठून येते, बोटाला लागते. शिकवणारे म्हणाले, खोट्या नोटेत इथे रेघा तुटक येतात, मिसळतात. मला एकदम पाटावर वाकलेला बाळ आठवला. बावीस वर्षांचा पोरगा हाताने हेच करत होता! नोटांची प्रेस त्याच्याच गावात, देवासला. मी त्याला फोन करून हे सांगावं असं मनात आलं. केला नाही. काय सांगणार होतो?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या नातीनं ती पेटी उघडली. ती अशीच चित्रं काढते, टॅबलेटवर. पानं बघून तिनं मला फोन केला, "मोठे आजोबा, हे आजोबांनी काढलंय? तुम्हाला माहीत होतं?"

मग तिनंच मला बरंच काही दाखवलं. कॉननच्या त्या मासिकाचं नाव 'सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कॉनन', १९७४ मध्ये सुरू झालेलं. जॉन बुसेमा पेन्सिलीनं काढायचे आणि अनेक कथांवर शाई चढवायचे आल्फ्रेडो अल्काला, फिलिपिन्सचे, स्वतःच शिकलेले. आणि फ्रँकलिन बूथ म्हणून एक अमेरिकन चित्रकार. शेतकऱ्याघरचा मुलगा, मासिकांतली चित्रं बघून हुबेहूब नक्कल करायचा. त्याला वाटायचं ती पेननं काढलेली आहेत. होती ती कोरलेल्या ठशांवरून छापलेली! त्या गैरसमजातून तो पेननं असं काही शिकला की पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी त्याला गुरू मानलं.

त्यांतलेच एक बर्नी राइटसन. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी त्यांनी पेननं सुमारे पन्नास चित्रं काढली, १९८३ मध्ये पुस्तक आलं. एका चित्रात प्रयोगशाळा आहे, शेकडो बाटल्या, नळ्या, चंबू, आणि एकही गिचमीड नाही. लागली सात वर्षं. कोणी काम दिलेलं नव्हतं, मोबदला ठरलेला नव्हता. मी मनात वजाबाकी केली. १९८३ वजा सात. म्हणजे आमचा बाळ पाटावर बसला होता त्याच सुमारास तिकडे तो माणूसही बसला होता. त्याच्यासमोर कोणी आखीव कागद ठेवला नाही, किंवा ठेवला असेल तर त्यानं ऐकलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मी देवासला गेलो. चहा झाला आणि मी एकदाचं बोलून टाकलं. "बाळ, त्या रविवारी मी चुकलो."

तो हसला. म्हणाला, "दादा, तू उगाच स्वतःकडे घेतोस. मी तुझ्यामुळे नाही सोडलं. हे बघ." आणि त्यानं अकरावं पान काढलं. वादळातलं जहाज. लाटा, ढग, घुमट, शिडं, सगळं रेघांनी खच्चून भरलेलं. "किती दिवस गेले यात. आणि बघ, जहाज दिसतंय का?"

खरं सांगतो, दिसत नव्हतं. डोळा कुठे टेकवावा कळत नव्हतं.

"सगळीकडेच बारकावे घातले. कोरं काही ठेवलंच नाही. अल्कालाची पानं मी पुन्हा पाहिली, तर जिथे काम जास्त तिथे शेजारी पांढरी जागा सोडलेली. मला रेघ मारायची भीती नव्हती रे, न मारायची होती. ते जमेना, आणि नेमका तू हिशोब घेऊन आलास. मला सुटल्यासारखं झालं."

तो हे खरं बोलला की माझं ओझं उतरावं म्हणून बोलला, मी ठरवू शकलेलो नाही. आम्ही दोघंही आता त्या वयात आहोत जिथे भाऊ भावासाठी एवढं खोटं बोलू शकतो. पण पानाबद्दल तो म्हणाला ते मात्र खरं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

खजूरी बाजारात हल्ली तशी निब मिळत नाही. नातीनं ऑनलाइन मागवून दिली. बाळचा हात थोडा कापतो, म्हणून तो सकाळीच बसतो, चहाच्या आधी. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा पाटावर बारावं पान होतं. वादळ संपलेलं. वर एका कोपऱ्यात छोटंसं जहाज, बारीक जाळीत नीट काढलेलं, आणि खाली पाण्याच्या सात-आठ रेघा. बाकी सगळा कागद कोरा.

मी विचारलं, "आता पुढे काय भरणार?"

"काही नाही. झालं हे पान."

किती तास लागले ते मी विचारलं नाही.

मंडळी, तुमच्याही घरच्या पेटीत, माळ्यावर अशी कोणाची पानं पडली असतील तर एकदा काढून बघा. काढणारा माणूस अजून असेल तर त्याच्यासमोर बसून बघा. आणि इंद्रजालचे जुने अंक कोणाकडे असतील तर जरूर कळवा, बाळला गुहेची भिंत पुन्हा बघायची आहे.