कलिंगड कापण्याआधी

आमच्या क्षेत्रात 'कलिंगड प्रोजेक्ट' हा शब्द सर्रास चालतो. साप्ताहिक अहवालात प्रोजेक्ट हिरवागार आणि आत कापून पाहिलं तर लालबुंद. डिलिव्हरीची तारीख तोंडावर येईपर्यंत 'सगळं वेळेत' आणि मग एकाएकी दोन महिन्यांचा उशीर! वास्तविक तो उशीर एकाएकी झालेला नसतो. कोड लिहिणाऱ्यांना तो कधीच दिसलेला असतो, फक्त कुणी बोललेलं नसतं.

सॉफ्टवेअर कन्सल्टिंगमध्ये ही गप्प बसण्याची सवय धंद्याच्या रचनेतूनच येते. आम्ही माणसांचे तास विकतो. तारीख करारात आधी ठरते, टीम नंतर जमते. प्रोजेक्टवरून उतरलेला माणूस बेंचवर, म्हणजे कामाविना बसून राहणाऱ्यांत, जातो आणि बेंचची धास्ती सगळ्यांनाच असते. अशा वेळी हिंजवडीतला नवखा इंजिनिअर क्लायंटसमोरच्या कॉलवर 'होऊन जाईल, सर' म्हणतो, यात नवल नाही.

यावर उतारा म्हणून कंपन्यांनी अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत, आणलं. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यातलं पहिलंच मूल्य प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्यातल्या संवादाला महत्त्व देतं. आपण मात्र साधनं आधी उचलली. स्प्रिंट आले, बोर्ड आले आणि रोजचा स्टँडअप म्हणजे मॅनेजरपुढची हजेरी होऊन बसला.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. तिने लावलेला अर्थ असा, की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, चुका मोकळेपणाने सांगत होत्या. बदल आणायचा तो या मोकळेपणात.

तो कसा येतो, हे मी प्लॅनिंग पोकरमध्ये वारंवार पाहिलं आहे. एकेका कामाचा अंदाज प्रत्येकाने पत्त्यावर निवडायचा आणि सगळे पत्ते एकदमच उलटायचे, म्हणजे सीनिअरचा आकडा ऐकून कुणी आपला बदलत नाही. एकदा पेमेंटच्या एका बदलासाठी सगळ्यांचे पत्ते तीन-पाचचे होते आणि सर्वांत धाकट्या मुलीचा तेराचा. नियमाप्रमाणे आधी तिला विचारलं. "रिफंडचा जुना कोड याच टेबलवर लिहितो," ती म्हणाली, "मागचे बग मीच सोडवलेत." खोलीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. अंदाज बदलला आणि क्लायंटला त्याच आठवड्यात नवी तारीख कळवली. क्लायंट नाराज झाला, पण आपलं वेळापत्रक बदलायला त्याच्या हाती वेळ होता.

पत्ते विकत मिळतात, बोलण्याची हिंमत मिळत नाही. ती टिकवायची तर रेट्रोमध्ये, म्हणजे टप्पा संपल्यावरच्या आढावा बैठकीत, बोललेलं अप्रेझलमध्ये येता कामा नये आणि काम करणाऱ्याला विचारल्याशिवाय करारात तारीख पडता कामा नये. प्रोजेक्ट अडला, की 'कुणामुळे?' हे विचारण्याआधी मॅनेजरने विचारावं, 'हे पहिल्यांदा कुणाला कळलं आणि माझ्यापर्यंत यायला इतके दिवस का लागले?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा मॅनेजरच्याच वागण्यात सापडतं, आणि ते वागणं बदलायला कुठल्याही क्लायंटची मंजुरी लागत नाही.